तणांचा वाफा

सेनगाव तालुक्यात वनस्पती उद्यान नाही. इथं आहे ती काळी जमीन, सोयाबीन, तूर, हळद आणि रस्त्याच्या कडेची बाभूळ. मी ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, तिच्या मागं मात्र हापशापासून कुंपणापर्यंत जमिनीचा एक तुकडा आहे. कागदोपत्री ती परसबाग. मी मनातल्या मनात तिला वनस्पती उद्यान म्हणते. असं म्हणायचा हक्क आम्हाला कसा मिळाला, ते सांगते.

परसबागेचं फार कौतुक सांगत नाही, कारण ती आता बहुतेक शाळांमधून आहे. पोषण आहाराच्या खिचडीत घरची कोथिंबीर पडावी, पालक-मेथी व्हावी, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता असावा, एवढीच अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. जेवणानंतर मुलं हात धुतात ते पाणी चरीतून कर्दळीला आणि आळूला जातं. शेवग्याच्या बुडाशी सलाईनच्या रिकाम्या बाटल्या उलट्या टांगल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हा प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेचा आहे. आमच्याकडं तो शाळेजवळ राहणाऱ्या दोन घरांनी सोडवला. बदल्यात शेंगा त्यांच्या.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा या वाफ्यांत भाजी कमी आणि इतर हिरवळ जास्त असते. पहिले दोन पाऊस झालेले असतात आणि काळी जमीन जे पोटात धरून बसलेली असते ते सगळं वर फेकते. मुलं खुरपी घेऊन बसतात. अशाच एका निंदणीच्या तासाला मी सहज विचारत गेले, हे काय, ते काय. पाचवी-सहावीची मुलं, बहुतेकांच्या घरी शेती. सोयाबीनचे वाण त्यांना पाठ होते. कोणतं तणनाशक किती दिवसांच्या पिकावर मारायचं, पंपाला किती टाकायचं, हेही दोघांना माहीत होतं. पण हातातल्या रोपाचं नाव विचारलं की उत्तर एकच.

"तण हाय, मॅडम."

आणि त्याच्या शेजारचं?

"ते बी तण."

दोघांत काही फरक? मुलं रोपं उलटसुलट करून बघू लागली. फरक तर होताच. एकाचं पान लांबट, मऊ, देठाशी लव असलेलं. दुसऱ्याचा दांडा तांबूस आणि पान जाडसर, पाणी भरल्यासारखं. डोळ्यांना दिसत होतं, पण त्यासाठी शब्द नव्हता. घरी तणाला नावानिशी ओळखायची गरजच उरली नव्हती. पंप पाठीवर घेतला की रुंद पानाचं आणि अरुंद पानाचं, एवढ्या दोन जातींवर काम भागतं.

त्या पावसाळ्यात आम्ही एक वाफा निंदायचा नाही असं ठरवलं. त्यात काय येईल ते येऊ द्यायचं, फुलू द्यायचं, आणि त्याची नोंद ठेवायची.

नावं सांगायला कोण, हा पुढचा प्रश्न होता. मला स्वतःला दहा-बारा नावं येत होती. सेनगावच्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी प्रा. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा १९९८ सालचा द्विखंडी ग्रंथ चाळायला दिला. मराठवाड्यातल्या वनस्पतींचं एवढं तपशीलवार वर्णन एका जागी दुसरीकडं मिळणं अवघड आहे. पण तो ग्रंथ ज्याला आधी फूल उलगडून पाकळ्या आणि पुंकेसर मोजता येतात त्याच्यासाठी. आमच्या वाफ्यात तेव्हा फक्त पानं होती. पानावरून ओळखणारं माणूस हवं होतं, आणि ते पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या रूपानं चुलीपाशीच बसलेलं होतं.

मावशी लग्न होऊन आल्यापासून रोजानं निंदणीला जात होत्या. त्या वाफ्याजवळ आल्या, वाकल्या, आणि भाजी निवडावी तशा बोटांनी नावं वेगळी करत गेल्या. हे कुंजर. हा केना. ही घोळ, आणि ही बारकी चिवळ, दोन्ही एक समजू नका. हा माठ, हा काटेमाठ. हा तरोटा. ही दुधी, मोडली की चीक येतो. हा लव्हाळा, ह्याची गाठ खाली राहिली की परत वर. ही कंबरमोडी, खरचटलं की पाला चोळून लावायचा. यातली काही रोपं अजून दोन पानांवर होती. मी त्यांना विचारलं, इतकं लहान असताना कसं कळतं? त्या म्हणाल्या, "मोठं झाल्यावर कळून काय उपयोग? तवर मालकीण वरडती."

हे उत्तर मी बरेच दिवस मनात घोळवलं. आपण समजतो की झाडं ओळखणं हा हौशी माणसाचा छंद. इथं ते मजुरीचं कसब होतं. पात धरून पुढं सरकणाऱ्या बाईला पीक आणि तण यांतला फरक अंकुर असतानाच कळायला हवा, नाहीतर खुरप्याखाली पीक जातं. त्या पातेत आई आणि सासूशेजारी बसून पोरी नावं शिकत. त्यात कोणतं घरी न्यायचं, हेही शिकत. संध्याकाळी ओच्यात कुंजर आणि तरोट्याचा कोवळा पाला असे. मग तणनाशक आलं आणि पात मोडली. मजुरी महाग, माणूस मिळेना, पाऊस उघडीप देईना, अशा वेळी शेतकरी फवारणार नाही तर काय करेल? त्याला दोष द्यायची माझी तयारी नाही. पण पातेबरोबर एक शाळाही बंद पडली, आणि तिची नोंद कुणी ठेवलेली नव्हती.

एका मुलाची आजी सत्तरीच्या घरातली. तिला मुद्दाम वाफा बघायला बोलावलं. कुंजराकडं बघून ती म्हणाली, "ह्याच्यावर बहात्तरचं साल काढलंय, माय." दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, मिलोची लाल ज्वारी मिळायची, आणि कालवणाला हे. मुलं ऐकत बसली. मला वाटलं, आता आजी म्हणणार की जुनं ते सोनं. ती म्हणाली, "फवाऱ्यानं गवत गेलं ते बरंच झालं. आमची कंबर गेली त्यात." मुलं हसली. मी हे वाक्यही वहीत लिहून घ्यायला लावलं, कारण ते खरं आहे, आणि ते लिहिलं नसतं तर आमची वही खोटी झाली असती.

या वहीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

वनस्पती उद्यान म्हणजे मोठी बाग नव्हे, हे मला मुंबईला राणीच्या बागेत गेल्यावर कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या साठीत सुरू झालेली ही बाग. पावणेतीनशेहून अधिक जातींचे वृक्ष तिथं आहेत. मी गेले तेव्हा सगळी रांग पेंग्विन बघायला लागलेली होती, आणि मी एकटी झाडांच्या पाट्या वाचत फिरत होते. पाटी वाचायची सवय लागली की बाग आणि वनस्पती उद्यान यांतला फरक दिसू लागतो. बागेत झाड शोभेला किंवा सावलीला असतं. वनस्पती उद्यानात त्याच्यामागं एक नोंद असते: हे कुठून आणलं, कोणत्या साली लावलं, कुणी ओळखलं. झाड वाळलं तरी नोंद राहते. इटलीत पादुआ विद्यापीठानं १५४५ मध्ये बाग केली ती वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती अचूक ओळखता याव्यात म्हणून. ती आजही त्याच जागी आहे. तिथल्या विद्यार्थ्याची गरज आणि आमच्या मावशींची गरज तशी एकच. चुकीचं रोप उपटलं तर नुकसान.

म्हणून आम्ही वही केली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक वनस्पतीला एक पान. वर गावातलं नाव, आणि ते कुणी सांगितलं. खाली शास्त्रीय नाव देवनागरीत, खात्री झाल्यावरच. तोवर जागा कोरी. मग पहिलं पान दिसलं ती तारीख, पहिलं फूल, पहिली शेंग किंवा बोंड, त्यावर बसलेला किडा. उपयोग हा रकाना मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवला. मुलांना पहिला प्रश्न तोच सुचतो: "ह्याचा काय उपयोग, मॅडम?" शेतकऱ्याच्या घरात तो प्रश्न चूक नाही. पण तो आधी विचारला की पुढचं बघणं थांबतं.

तेलाचे डबे कापून पाट्या केल्या. त्यांवर रंगानं नाव लिहिलं आणि खाली सांगणाऱ्या बाईचं नाव. इथं गंमत झाली. बायका पाट्या बघायला येऊ लागल्या, आणि दुसऱ्या गल्लीतल्या बाईचं नाव पाटीवर दिसलं की म्हणू लागल्या, हे तिनं काय सांगितलं, आमच्या माहेरी ह्याला वेगळंच म्हणतात. सेनगावच्या उत्तरेला वाशीम जिल्हा लागतो, तिकडं वऱ्हाडी बोली. दक्षिणेकडून आलेल्या सुना परभणी-जिंतूरची नावं घेऊन आलेल्या. एका रोपाला दोन-तीन नावं निघाली. आम्ही सगळी लिहिली. भांडण लागेल त्या दिवशी फार चांगली नोंद व्हायची.

आता केन्याकडं वळते, कारण सगळ्या वाफ्यात मुलांनी जीव लावला तो त्याला.

केना सगळ्यांनी पाहिलेला असतो. जमिनीलगत पसरणारा, पान रुंद, कडेला किंचित लाटा, आणि सकाळी उमलणारं निळं फूल. दुपारपर्यंत ते मिटून विरघळल्यासारखं होतं, म्हणून फूल बघायचं तर परिपाठाच्या आधी बघावं लागतं. मुलं लवकर येऊ लागली, हा त्याचा एक आनुषंगिक फायदा. फुलाला वर दोन मोठ्या निळ्या पाकळ्या, आणि तिसरी खाली, लहान, फिकट, बघितली नाही तर लक्षातही येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं या प्रजातीला नेदरलँडमधल्या कोमेलिन घराण्याचं नाव दिलं. त्या घरातल्या दोघांनी वनस्पतिशास्त्रात नाव काढलं, त्या दोन मोठ्या पाकळ्या. तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला, ती लहान पाकळी, असं स्वतः लिनिअसनं लिहून ठेवलंय. त्यातला थोरला यान कोमेलिन हा आम्स्टरडॅमच्या १६८२ सालच्या वनस्पती उद्यानाच्या संस्थापकांपैकी एक, आणि केरळच्या वनस्पतींवरच्या 'होर्टुस मलाबारिकुस' या ग्रंथाच्या संपादनातही त्याचा हात होता. आमच्या हापशाजवळच्या तणाला हे एवढं मोठं घराणं आहे हे ऐकून मुलांना हसू आलं. एकानं विचारलं, तिसऱ्याचं नाव काय होतं? मला सांगता आलं नाही, आणि मला वाटतं लिनिअसच्या विनोदाचं मर्म त्या मुलाला माझ्याआधी कळलं.

पण खरी गोष्ट जमिनीखाली आहे. ग्रंथात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. भाद्रपदात एक जुनं, चांगलं पसरलेलं केन्याचं झाड आम्ही खुरप्यानं न ओढता, भोवतीची माती भिजवून, हातानं सैल करत काढलं. चिखल पाण्याच्या परातीत धुतला. मुळांच्या पांढऱ्या जंजाळात काही फांद्या मुळं नव्हत्याच. जाडसर, पांढुरक्या, जमिनीत आडव्या गेलेल्या. आणि त्यांच्या टोकाशी, जिथं उजेडाचा किरण पोचत नाही अशा जागी, लहान फिक्या पिशव्या. एक पिशवी नखानं उघडली तर आत फूल. न उमललेलं, कधीच न उमलणारं, आतल्या आत परागीभवन होऊन बी धरणारं. शेजारच्या पिशवीत बी तयार झालेलं होतं. परातीभोवती मुलांनी इतकी दाटी केली की मला बाजूला व्हावं लागलं.

"वर फूल हाय ना, मग खाली कशाला?" सहावीतल्या एका मुलीनं विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. तिलाच विचारलं, वरचं फूल कुणी कापलं तर? मग त्यांचं त्यांनी काढलं. जनावरानं वरचा पाला खाल्ला, कुणी विळ्यानं कापला, तरी खालचं बी सुरक्षित. त्यात कापलेल्या खोडाच्या पेरालाही ओल मिळाली की मुळं फुटतात. याच केन्यानं अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कापूस उत्पादकांना जेरीस आणलं. तिथं तणनाशक सोसणारा कापूस आला, बाकीची तणं मेली, आणि ग्लायफोसेटला सहज न बधणारा केना मोकळ्या जागेत पसरला. मुलांनी हे घरी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी एक वडील मोटारसायकल थांबवून विचारून गेले, "खरंच खाली फूल असतं का?" इतकी वर्षं उपटलेल्या तणाविषयीचं कुतूहल त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या नोकरीत मला मिळालेल्या शेऱ्यांत हा प्रश्न मी वरच्या जागी ठेवते.

गाजरगवताला वाफ्यात थारा द्यायचा की नाही, यावर मात्र आमचा वाद झाला. अंगाला खाज, काहींना दमा. मी ते मुलांच्या हाती द्यायला तयार नव्हते. पन्नासच्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत आज शाळेच्या कुंपणाबाहेर कमरेएवढं आहे. शेवटी कुंपणाबाहेरचं एक ठिकाण ठरवलं, हात न लावता, लांबून बघायचं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे मिळतात, हे शेतकऱ्यांना माहीत असतं. हे भुंगे १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणले गेले, नीट तपासून पुढच्या वर्षी सोडले गेले. आमच्याकडं ते कुणी सोडले होते की आपणहून आले, ठाऊक नाही, पण श्रावणात ते होते. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा. पानाच्या कडेपासून सुरुवात करून ते शिरा तेवढ्या शिल्लक ठेवत. थंडीत ते मातीत शिरून झोपतात आणि पावसाबरोबर वर येतात. पुढच्या जूनमध्ये त्यांची वाट बघणं हा मुलांचा खेळ झाला. अर्थात भुंग्यांनी गाजरगवत संपवलं असं काही नाही. ज्या वर्षी पाऊस लांबला त्या वर्षी गवत आधी आलं, भुंगे मागून आले. हेही वहीत आहे.

टारफुल्याची आठवण मावशींनी काढली. ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस पिणारं हे तण. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आल्याची चाहूल लागल्याशिवाय रुजत नाही. या भागात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, तसा टारफुला दिसेनासा झाला. मुलांनी ठरवलं, ज्वारीची एक ओळ पेरून बघू. ज्वारी उत्तम आली. चिमण्यांनी कणसं संपवली, मुलांनी चिमण्यांची नोंद केली. टारफुला उगवला नाही. मी जरा हिरमुसले. मावशी म्हणाल्या, "न आलेलं बरं. आला असता तर गावानं शाळा बंद पाडली असती."

त्यांचा विनोद अगदीच विनोद नव्हता. शाळेच्या कुंपणाला लागून एकाचं वावर आहे. सोयाबीन काढून तिथं हरभरा येतो. आमच्या वाफ्याकडं ते पहिल्यापासून साशंक नजरेनं बघत. पाहुणे म्हणून आलेले अधिकारी वाफा बघून "हे एवढं निंदायचं राहिलं का?" असं विचारत, तेव्हा मुलं धावत जाऊन पाट्या दाखवत, आणि बहुतेक अधिकारी पाच मिनिटांत स्वतःच्या लहानपणच्या भाजीच्या गोष्टी सांगू लागत. पण शेजारच्या शेतकऱ्याला गोष्टींशी काय देणंघेणं? कुर्डूचा तुरा वाळून रुपेरी झाला की त्यातलं काळं चकचकीत बी वाऱ्याबरोबर कुंपणापलीकडं जाणार, हे त्यांना आमच्याआधी कळत होतं. ते एक दिवस येऊन म्हणाले, "मॅडम, फुलापर्यंत ठेवा. बी धरायच्या आत काढा. एवढी एक अट."

अट योग्य होती. मुलांनी तिचं वेळापत्रक केलं: कुर्डू कधी, माठ कधी, तरोट्याची शेंग तडकायच्या आत कधी. कुणाला नमुन्याला बी हवं असेल त्यानं तुऱ्याला कागदाची पिशवी बांधायची. हे काम करताना बी कधी पिकतं हे त्यांना जितकं नीट कळलं तितकं मी शिकवून कळलं नसतं. आश्विनात वाफा साफ करायच्या दिवशी ते शेतकरी स्वतः कुंपणाशी उभे राहिले. सगळं निघालं, ढीग झाला, मुलांनी हात झटकले.

तेवढ्यात त्या सहावीतल्या मुलीच्या ध्यानात आलं. "काका, केना वरून काढला, पण त्याचं बी खाली राहिलंय."

"मला सांगतीस?" ते म्हणाले. "बापाच्या हाताखाली होतो तवापासून तेच उपटायलो." आणि कुंपणावरून आत येऊन, खुरपं मागून घेऊन, कुठून खणायचं ते त्यांनी मुलांना दाखवायला सुरुवात केली.